सिंह राष्ट्रीय प्राणी असलेल्या देशांचा सेट विणायचा आहे, सिंह कोणता काढू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते कळेल. सोलापुरात अक्कलकोट रोडला वडिलांचा कारखाना आहे, जेकार्डचे म्हणजे कापडातच चित्र विणणारे माग आहेत आणि एका एक्स्पोर्ट एजंटकडून चौकशी आली आहे. 'सिंह हा राष्ट्रीय प्राणी असलेले देश' या नावाचा सेट हवा आहे. आठ देश, प्रत्येकाचं एक वॉल हँगिंग आणि एक टेरी टॉवेल. देश कोणते ते तुम्हीच ठरवा, असं तो म्हणतोय. तुम्ही नेटवर शोधलंत तर प्रत्येक यादी वेगळी निघाली. एकीत भारत आहे, दुसरीत नाही. गीरच्या सिंहाचा एक झकास फोटो तुमच्याकडे आहे. तोच आठही ठिकाणी टाकला आणि खाली फक्त देशाचं नाव बदललं तर चालेल का, असं विचारलंय.

नाही चालणार. का ते सांगतो.

मी एकतीस वर्षं जेकार्डची डिझाइनं काढतोय. सुरुवातीला ग्राफपेपरवर पेन्सिलीनं एकेक घर भरायचं आणि त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते पंच करून घ्यायचे, आता सगळं कॉम्प्युटरवर. मोर, कमळ, गणपती, पुढाऱ्यांचे चेहरे, सगळं काढून झालं. सिंह किती काढले ते मोजायचं कधीच सोडून दिलं. मी प्राणिशास्त्राचा माणूस नाही, वकीलही नाही. सिंहाबद्दल जे कळलं ते विणता विणता कळलं आणि त्यातलं निम्मं चुका करून कळलं.

तुम्ही 'कोणता प्राणी काढू' असं विचारताय. विचारायला हवं ते 'कोणतं चित्र काढू'. देशाचा सिंह बहुधा जंगलातून आलेला नसतो. तो ढालीवरून, शिक्क्यावरून, राजाच्या निशाणावरून आलेला असतो. ज्या देशांनी सिंहाला आपलं मानलंय, त्यांतल्या बहुतेकांच्या रानात आज एकही सिंह नाही. नेदरलँड्समध्ये सिंह कुठून येणार? तिथल्या माणसाला 'आपला सिंह' म्हटलं की फोटो आठवत नाही. मागच्या पायावर उभा, जीभ बाहेर काढलेला, एका पंजात तलवार आणि दुसऱ्यात बाणांची जुडी घेतलेला असा एक ठरलेला सिंह त्याच्या डोळ्यासमोर येतो. त्याला गीरचा फोटो विणून दिलात तर तो 'छान आहे' म्हणेल आणि पुढच्या दुकानात जाईल. असा माल विकला जातो तो 'अरे, हा तर आमचा' या एका गोष्टीवर.

मराठीतच बघा ना. आपल्याकडे वाघ रानात राहतो आणि सिंह शब्दांत. ढाण्या वाघ, वाघाचं काळीज, वाघ्या-मुरळी हे सगळं माणसाजवळचं. सिंह मात्र सिंहासनात, सिंहगडात, सिंहावलोकनात आणि देवीच्या पायाशी. आमच्या घरी तेलुगू बोलतात, तिथंही पुली म्हटलं की लहान पोरं दचकतात आणि सिंहम म्हटलं की चित्र बघितल्यासारखी बघतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे आमच्या तेलुगू वस्तीतल्या, कुणालाही विचारा.

आता त्या याद्यांचा घोळ. नेटवरच्या याद्यांत तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या असतात. काही देशांनी राष्ट्रीय प्राणी रीतसर जाहीर केलाय. काही ठिकाणी जाहीर कुणी केलेलं नाही, पण राजचिन्हावर सिंह आहे, म्हणून यादी करणाऱ्यानं तोच राष्ट्रीय प्राणी धरलाय. आणि काही ठिकाणी सिंह झेंड्यावर आहे किंवा नुसता फुटबॉलच्या संघाच्या नावात आहे. हे तिन्ही एक नाहीत, कधीकधी तर एकमेकांच्या विरुद्ध जातात. फिनलंडच्या राजचिन्हावर लाल जमिनीवर, म्हणजे मागच्या लाल रंगावर, मुकुट घातलेला सोनेरी सिंह आहे, हातात तलवार, आजूबाजूला नऊ गुलाब. बघितल्याबरोबर कुणीही फिनलंडला यादीत टाकेल. पण त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे तपकिरी अस्वल. स्कॉटलंडच्या राजांच्या निशाणावर पिवळ्या जमिनीवर लाल सिंह, आणि राष्ट्रीय प्राणी कोणता, तर युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एक शिंग असलेला गोष्टीतला घोडा. इंग्लंडचा मात्र सिंहच. एका बेटावरचे दोन शेजारी, दोघांकडे सिंहाचं निशाण, आणि उत्तरं दोन.

तिसरं उदाहरण आपलं स्वतःचं आहे आणि तुम्ही नेमके तिथंच अडकलाय. भारताचा राष्ट्रीय प्राणी वाघ आहे, १९७२ पासून. त्याआधी तो मान सिंहाचा होता. म्हणून जुन्या माहितीवरून केलेल्या याद्यांत भारत सिंहाखाली सापडतो. नव्या याद्यांतही सापडतो, कारण नोटेवर, पासपोर्टवर, सरकारी पत्राच्या डोक्यावर सिंह दिसतात आणि यादी करणारा तिथंच फसतो. ते सिंह सारनाथच्या अशोकस्तंभावरचे. ते आपलं राजचिन्ह आहे, २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलेलं. राष्ट्रीय प्राणी हे वेगळं खातं.

वाघ का झाला यामागं साधा विचार दिसतो. सिंह उरला होता फक्त गुजरातेत, गीरमध्ये. वाघ देशभर पसरलेला होता आणि झपाट्यानं संपत चालला होता. १९७२ च्या मोजणीत देशात १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. सिंहाचंही पुढं बरं झालं म्हणा, २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले. २०१५ च्या सुमारास सिंहाला तो मान परत द्यावा असा प्रस्ताव आल्याच्या बातम्याही आल्या होत्या, पण वाघ जागेवरून हलला नाही. तेव्हा एजंटच्या सेटमध्ये भारत येत नाही. त्यानं फारच आग्रह धरला तर त्याला वाघ विणून द्या, सिंह नको.

जाता जाता सोलापूरकर म्हणून एक सांगतो. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा कौल माळढोकाला होता, म्हणजे आपल्या नान्नजच्या माळावरच्या पक्ष्याला. १९६३ मध्ये मोर झाला. तेव्हाही तेच. मोर सगळ्यांना माहीत, पैठणीच्या पदरावर आहे, देवळाच्या खांबावर आहे, शाळेतलं पोरगंसुद्धा काढतं. माळढोक मी एकदा विणलाय. पार्टी म्हणाली, शहामृग चांगला उतरलाय ओ.

आता एकेक सिंह घेऊ. सगळे नाही सांगत, ज्यांत घोटाळा होतो तेवढेच.

श्रीलंकेचा सिंह सगळ्यात आधी, कारण आखाती देशांत माल जाणार असेल तर श्रीलंकेची माणसं तिथं भरपूर आहेत आणि एजंट तो मागणारच. तांबूस-लाल जमिनीवर पिवळा सिंह, पुढच्या उजव्या पंजात तलवार, चार कोपऱ्यांत पिंपळाची चार पानं. हा कँडीच्या राजांच्या निशाणावरचा सिंह. १९४८ ला स्वातंत्र्य मिळाल्यावर तो पुन्हा वर आला. लंकेच्या जंगलात सिंह नाही, तिथला राजा बिबट्या. पण 'सिंहल' या नावातच सिंह बसलाय, म्हणून तो तिथं घट्ट आहे. इथं एक अडचण बाहेरच्याला कळत नाही. त्या झेंड्यावर खांबाच्या बाजूला दोन उभे पट्टे आहेत, एक हिरवा आणि एक केशरी. हिरवा मुस्लिम समाजासाठी, केशरी तमिळ समाजासाठी. डिझाइन करणाऱ्याला वाटतं, पट्टे काढून टाकले तर दोन रंग वाचतील. वाचतील खरे, पण पट्ट्याशिवायचा सिंह म्हणजे त्या दोन समाजांना बाजूला काढलेला सिंह असा अर्थ तिथं लागू शकतो. तुम्ही दोन रंगांचा खर्च वाचवायला गेलात आणि कुठल्या कुठं जाऊन पोचलात. वॉल हँगिंगवर झेंडा घ्यायचा तर पुरा घ्या, पट्ट्यांसकट. टॉवेलवर तो झेंडा घेऊच नका, त्याबद्दल खाली बोलतो.

इंग्लंडचे तीन सिंह: लाल जमिनीवर सोनेरी, एकाखाली एक, चालत निघालेले, पुढचा एक पंजा उचललेला आणि तोंड आपल्याकडे वळवलेलं. राजा रिचर्डच्या ११९८ च्या शिक्क्यापासून ते तसेच आहेत. जुन्या कागदांत यांना सिंह नाही, बिबटे म्हणत. चालणारा आणि समोर बघणारा असेल तर बिबट्या, उभा आणि बाजूला बघणारा असेल तर सिंह, असा तेव्हाचा हिशोब. म्हणजे प्राणी कोणता हे आयाळीवरून नाही, उभं राहायच्या पद्धतीवरून ठरायचं! मी चित्र-चित्र म्हणतोय ते यासाठी. एक जपा, तिथल्या फुटबॉल संघाचं तीन सिंहांचं बोधचिन्ह ही वेगळी, मालकीची वस्तू आहे. नेटवर 'इंग्लंड लायन' शोधलंत की आधी तेच येतं. ते उचलू नका.

चेक देशाचा सिंह विणणाऱ्यासाठी सोन्यासारखा. लाल जमिनीवर पांढरा, मुकुट सोनेरी, दोन शेपट्या. हो, दोन. लक्झेंबर्गच्या सिंहालाही दोनच, तो लाल आणि मागं पांढरे-निळे आडवे पट्टे. बेल्जियमचा काळ्यावर सोनेरी, जीभ आणि नखं लाल, शेपटी एक. आमच्याकडे एक नवा मुलगा कॉम्प्युटरवर बसायचा, फार हुशार. त्याला दोन शेपट्यांचा सिंह साफ करायला दिला, तर यानं दुसरी शेपटी चूक समजून पुसून टाकली आणि त्या जागी जमीन इतकी सफाईनं भरली की माझ्याही लक्षात आलं नाही. दोनशे नग विणून झाले. ते आम्ही नंतर इथल्याच बाजारात 'सिंह छाप' म्हणून काढले. इथं शेपट्या कोण मोजतो?

नेदरलँड्सचा मघाशी सांगितला. निळ्या जमिनीवर सोनेरी, तलवार आणि सात बाण, सात प्रांतांचे सात. बाण विणताना पाच किंवा नऊ करायचा मोह होतो, कारण घरं तशी बसतात. सातच ठेवा. बल्गेरियाचाही सिंहच. तिथल्या चलनाला कित्येक वर्षं 'लेव' म्हणत आले, त्याचा अर्थच सिंह. ही तिन्ही-चारही कामं एका पठडीतली असल्यानं एक केलंत की पुढची हात बसल्यामुळे लवकर होतात.

सिंगापूर जरा वेगळं. नावच सिंहपूर. एका राजपुत्रानं बेटावर उतरताना एक अनोळखी जनावर पाहिलं आणि सोबतच्यांनी ते सिंह असल्याचं सांगितलं, अशी कथा आहे. तिथं सिंह कधी नव्हते, वाघ मात्र होते. आता त्यांच्या राजचिन्हावर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, दोघांचीही सोय केली. तुम्हाला नेटवर सापडेल तो अर्धा मासा-अर्धा सिंह. तो १९६४ मध्ये पर्यटनासाठी तयार केलेलं बोधचिन्ह, पुतळा १९७२ चा. त्याच्या वापरावर तिथल्या पर्यटन खात्याचा हक्क आहे. याशिवाय १९८६ पासून एक सिंहाचं डोकं राष्ट्रीय खूण म्हणून वापरतात, त्याच्या आयाळीला पाच भाग आहेत आणि त्यात फेरफार चालत नाही. टेरीवर पाच भाग नीट उठले नाहीत तर ते चिन्ह बिघडवल्यासारखंच होईल. माझं मत विचाराल तर पहिल्या सेटमध्ये सिंगापूर घेऊ नका.

इथिओपिया आणि इराण या दोन नावांवर मात्र थांबा आणि एजंटला विचारा. इथिओपियाच्या सम्राटांचा मुकुट घातलेला, क्रॉसची काठी धरलेला सिंह फार देखणा आहे. १९७४ मध्ये राजेशाही गेली आणि त्यापाठोपाठ तो झेंड्यावरूनही गेला. इराणच्या झेंड्यावरचा तलवार धरलेला सिंह आणि त्याच्या पाठीमागचा सूर्य १९७९ च्या क्रांतीनंतर हटवला गेला. ही चिन्हं आजही लोक वापरतात, पण वापरणाऱ्याची एक बाजू ठरलेली असते. दुकानात टांगलेल्या टॉवेलनं उगाच कुणाची बाजू का घ्यावी?

आफ्रिकेतले देश असतील तर तुमचा फोटोचा विचार थोडाफार लागू पडतो. केनियात खरेखुरे सिंह आहेत, तिथलं गिऱ्हाईक चित्रातला आणि रानातला दोन्ही ओळखतं. मोरोक्कोत ॲटलास डोंगरातला सिंह होता, तो रानातून संपला, पण त्यांचा फुटबॉल संघ अजून त्याच्याच नावानं ओळखला जातो. मात्र त्यांच्यासाठी गीरचा फोटो घेऊ नका. गीरच्या नराची आयाळ आखूड, त्यातून कान उघडे दिसतात, आणि पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबते. आफ्रिकेतल्या नराची आयाळ साधारण दाट, कान झाकले जातात. आपल्याला फरक वाटत नाही. रोज बघणाऱ्याला वाटतो, जसा पंढरपुरी म्हशीत आणि दुसऱ्या म्हशीत आपल्याला वाटतो. तुमचा फोटो गुजरातेतल्या पर्यटकांसाठी वॉल हँगिंग करायला उत्तम आहे, तिथं जपून ठेवा.

इथवरचं एका दमात: यादीवर जाऊ नका, त्या देशाचं ठरलेलं चित्र बघा. भारत या सेटमध्ये नाही. इराण आणि इथिओपिया विचारल्याशिवाय नको, सिंगापूर सध्या नको.

आता मागावरचं बोलू, कारण तुमची खरी मेहनत तिथं आहे. युरोपातले हे ढालीवरचे सिंह आपल्या कामाला इतके सोयीचे का पडतात ते बघा. चिलखत घातलेल्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, म्हणून लांबून, धुळीत, पळत्या घोड्यावरून ओळखू यावा असा तो काढलेला. म्हणून रंग दोन-तीनच, गडदावर फिकट किंवा फिकटावर गडद. पाय एकमेकांपासून सुटे, शेपटी मोकळी वर वळलेली, बाहेरची रेघ ठसठशीत. छटा नाहीत, सावल्या नाहीत. आपल्या जेकार्डला हेच तर पाहिजे असतं! उलट फोटोतला सिंह म्हणजे पिवळट गवतात पिवळट जनावर. त्याच्या पन्नास छटा तुम्ही चार रंगांत बसवायला गेलात की उरतो एक तांबूस ढीग, त्याला दोन डोळे. वॉल हँगिंगवर बारीक सूत असेल तर फोटो कसाबसा निभावतो. टेरीवर नाही निभावत. टेरीचं फंदं, म्हणजे सुताचा उभा वेढा, उभं राहतं आणि कडेला पसरतं, एका फंद्याची रेघ दोन धुण्यांत दिसेनाशी होते. मिश्या, पापण्या, नखांची टोकं हे सगळं टॉवेलवर विसरा. जीभ दाखवायची तर जाड दाखवा.

दुसरं, ग्राफचं माप. हे तुम्हाला माहीत असेल, पण चुका इथंच होतात म्हणून लिहितो. समजा तुमच्या कापडात इंचाला ताण्याची म्हणजे उभी ५६ तारं आणि बाण्याची म्हणजे आडवी ४० आहेत. कॉम्प्युटरवर चौरस घरांत सिंह सुंदर दिसतो. तसाच मागावर टाकलात तर ८०० घरांची रुंदी होते साधारण सव्वाचौदा इंच आणि ८०० घरांची उंची होते वीस इंच. सिंह ताणला जाऊन उंच, हडकुळा होतो. माझा पहिला सिंह असाच झाला होता. मालक काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं, जिराफ कुठल्या देशाचा म्हणालास? तेव्हा ताणा आणि बाणा मोजून घराचं प्रमाण आधी बसवा आणि मगच चित्र सोडा. धुतल्यावर टेरी किती आखडते तेही तुमच्या सुताप्रमाणे बघावं लागेल, ते प्रत्येक कारखान्यात वेगळं.

तिसरं, तोंड कुणीकडे. ढालीवरचा सिंह बघणाऱ्याच्या डाव्या हाताला तोंड करून असतो. झेंड्यावरचा खांबाकडे तोंड करून असतो, म्हणजे खांब डावीकडे धरला तर डावीकडेच. खांबाकडे पाठ म्हणजे पळपुटा सिंह. आपली चादर किंवा जेकार्डचा टेरी टॉवेल दोन्ही बाजूंनी दिसतो, मागच्या बाजूला रंग उलटतात आणि चित्रही उलटतं. लाल जमिनीवर पांढरा सिंह डावीकडे चाललाय, तर पाठीमागं पांढऱ्यावर लाल सिंह उजवीकडे चालतो. ते टाळता येत नाही, त्याची काळजी करू नका. काळजी याची करा की सुलटी बाजू कोणती धरली. काही मागांवर विणताना सुलटी बाजू खाली असते. डिझाइन लावणाऱ्यानं हे लक्षात घेतलं नाही तर सुलट्या बाजूलाच सिंह उलटा येतो. आमचे इंग्लंडचे तीन सिंह एकदा असेच उजवीकडे निघाले. पार्टीनं एका ओळीत कळवलं की तुमचे सिंह पळून चाललेत, आणि माल परत. त्या ओळीचा राग यायला हवा होता, पण वाक्य बरोबर होतं.

आता कायदा. इथं मी जपून बोलतो, कारण नियम देशागणिक वेगळे. आपल्यापुरतं पक्कं आहे. सारनाथचे सिंह विणायचे नाहीत, एजंट म्हणाला तरी नाही. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि व्यापारासाठी वापर हा त्यातला सरळसरळ मनाई केलेला प्रकार. खालचं 'सत्यमेव जयते' काढून टाकलं म्हणून सुटका होत नाही. तिरंग्याचंही तसंच: उशा, हातरुमाल, नॅपकिन यांवर तो छापणं किंवा भरतकामात घेणं हा अपमान धरला जातो. या चार सिंहांबद्दल एक गोष्ट मला नेहमी आठवते. संविधानाच्या पानासाठी हे चिन्ह काढायचं होतं तेव्हा नंदलाल बोस यांचे विद्यार्थी दीनानाथ भार्गव कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खरे सिंह बघून आले. दगडातला सिंह कागदावर आणायचा, तरी जिवंत सिंह बघायला गेले. आपल्या धंद्यात एवढा वेळ कोण देतो, पण ज्यानं दिला त्याचं काम बघा.

दुसऱ्या देशांबाबत माझा स्वतःचा नियम असा आहे. मुकुट, ढाल, ब्रीदवाक्य आणि ढालीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे प्राणी हे सगळं मिळून सरकारी चिन्ह बनतं, ते जसंच्या तसं विणायचं नाही. सिंहाचा पवित्रा, रंग, शेपटी आणि हातातली वस्तू ठेवायची, आणि सिंह स्वतः नव्यानं काढायचा. गिऱ्हाईक ओळखतं आणि कुणाच्या शिक्क्याची नक्कलही होत नाही. तरी एजंटकडून लेखी घ्या की ज्या देशात माल विकणार तिथल्या परवानगीची जबाबदारी त्याची. देईल तो. नाही दिलं तर त्याला काहीतरी माहीत आहे असं समजा.

आणि टॉवेलचा प्रश्न कायद्याच्या आधी अदबीचा आहे. वॉल हँगिंग भिंतीवर जातं. टॉवेलनं माणूस अंग पुसतो, मग पाय पुसतो, मग तो जुना झाला की खाली टाकतो. श्रीलंकेचा झेंडा छापलेली पायपुसणी ऑनलाइन विकायला आल्यावर २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं आक्षेप घेतला होता. म्हणून टॉवेलवर झेंडा मुळीच नको, कुठल्याच देशाचा. आडवी बॉर्डर घ्या, तिच्यात लहान लहान सिंह ओळीनं चालवा, मधला भाग साधा सोडा. पुसायला मधलाच भाग लागतो, बॉर्डर दिसायला राहते. श्रीलंकेसाठी तर तलवार आणि पानंही काढा, नुसती सिंहांची रांग आणि वेगळा रंग.

आठ देश कोणते, हे एजंट माल कुठं विकणार त्यावर आहे. युरोपातल्या दुकानांत जाणार असेल तर इंग्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग, चेक, बल्गेरिया हे सहा मी डोळे झाकून घेईन. आखातात जाणार असेल तर श्रीलंका आणि केनिया वर घेईन आणि लक्झेंबर्ग सोडीन, तिथं तो कोण विकत घेणार? आठचा आकडा त्यानं उगाच धरलाय असं मला वाटतं. सहा नीट करून दाखवले तर तो सहावरही येईल, एजंट लोक नेहमी येतात.

पहिलं सॅम्पल चेकच्या सिंहाचं काढा. रंग कमी, चित्र मोकळं, चुकलं तर सूत फार जात नाही. ग्राफच्या एका कोपऱ्यात 'क' हे अक्षर टाकून ठेवा, सुलट्या बाजूला ते सरळ वाचता आलं तर सिंहाचं तोंडही बरोबर आहे, मग पुढच्या फाइलीतून ते काढून टाका. सॅम्पल मागावरून उतरलं की एकदा धुवा, वाळवा, आणि दहा पावलं लांब टांगून बघा. आणि शेपट्या मोजा.